नदीत सुटलेला कोई आणि त्याला पकडण्याच्या रीती

(इंदूरमधील एका दुकानातील काचेची टाकी. पांढऱ्या अंगावर केशरी डाग असलेला मासा वळून कॅमेऱ्याच्या दिशेने येतो.)

हा कोई मासा आहे. जपानमधील निइगाता प्रांतातील भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प मासे पाळत असत. त्या माशांत अधूनमधून निघणारी रंगीत पिल्ले एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी वेगळी राखण्यास सुरुवात केली, आणि 1914 साली तोक्यो येथील प्रदर्शनात हे मासे मांडले गेल्यावर त्यांची कीर्ती जपानभर पसरली. रूप देखणे असले तरी कोई ही काही दूरदेशीची निराळी जात नव्हे. आपल्याकडील मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात, त्या साध्या तपकिरी कार्पचाच तो सख्खा भाऊबंद आहे. तो साधा कार्पही मूळचा इथला नाही. त्याचा एक वाण 1939 साली श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि दुसरा 1957 साली बँकॉकहून कटकला आणला गेला.

दुकानातून बोटाएवढा आणलेला कोई काही वर्षांतच टाकीत मावेनासा होतो, आणि मग घरातील माणसे दयाबुद्धीने बादली उचलून जवळच्या पाण्याकडे निघतात. आपल्याकडे विसर्जनाची सवय जुनीच आहे. पण मातीची मूर्ती पाण्यात विरघळते, मासा विरघळत नाही. इंदूरचे भौगोलिक स्थान लक्षात घेतले तर या बादलीचा पल्ला किती मोठा आहे ते कळते. शहराचे पाणी उत्तरेकडे क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळेला. यशवंतसागराने अडवलेली गंभीर नदीही शेवटी त्याच वाटेने जाते, तर महूच्या दक्षिणेकडील चोरल विंध्याचा उतार उतरून नर्मदेला मिळते. म्हणजे शहराच्या एका अंगाला सोडलेल्या माशाला यमुनेपर्यंत वाट आहे आणि दुसऱ्या अंगाला सोडलेल्याला नर्मदेची, जिच्यातील महाशीर हा 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे.

(मंद वाहणारे पाणी. काठालगत बुडबुड्यांची एक रेघ पुढे सरकते.)

नदीत कोई शोधणारा नवखा माणूस लाल-केशरी रंग शोधतो आणि तिथेच फसतो. बगळ्याला आणि पाणकावळ्याला तो रंग आपल्याआधी दिसतो, त्यामुळे भडक पिल्ले लवकर संपतात. शिवाय मोकळ्या पाण्यातील संकरात मूळचा शेवाळी-तपकिरी रंगच वरचढ ठरतो. पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर उरतो तो बहुतांशी मळकट मासा, ज्याच्या अंगावर एखादा केशरी खवला आजोळची खूण म्हणून राहिलेला असतो. म्हणून जाणकार पाण्याचा गढूळपणा वाचतात. कोईच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो पुढे लांबणाऱ्या तोंडाने तळाचा गाळ ओढून घेतो, त्यातील अळ्या, गोगलगायी आणि बी गिळतो व उरलेला चिखल थुंकून टाकतो. आजूबाजूचे पाणी नितळ असताना एकाच ठिकाणाहून चिखलाचा ढग उठत असेल आणि बारीक बुडबुड्यांची माळ हळूहळू सरकत असेल, तर खाली तो चरतो आहे असे समजावे. अशा जागा धारेत क्वचितच असतात; वळणाच्या आतील बाजूचे संथ पाणी, पडलेल्या झाडाची सावली, पाणवनस्पतींची कड आणि मुख्य प्रवाहापासून तुटलेले डोह त्याला आवडतात, आणि त्यातही पहाट व तिन्हीसांज.

काठावर पावले मात्र जपून टाकावी लागतात. या माशाच्या पोटातील वाताशय आणि कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते, आणि तिच्यामुळे त्याची श्रवणशक्ती इतर बऱ्याच माशांहून तीक्ष्ण असते. खडकावर आपटलेला डबा त्याला आपल्याआधी ऐकू जातो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

गळाची रीत सर्वांत जुनी आहे आणि माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखीही आहे, कारण तिच्यात मासा कसा जेवतो हे ओळखल्यावाचून काहीच साधत नाही. इंदूरच्या सराफा बाजारात ज्याचा कीस रात्री उशिरापर्यंत कढईत परतला जातो, तो मकाच या कामी उत्तम आमिष ठरतो. दाणे रात्रभर भिजवून मऊ होईपर्यंत उकडावेत, कारण कोरडा दाणा माशाच्या पोटात जाऊन फुगतो. त्यातील एक-दोन मुठी आधी पाण्यात टाकून जागा पेरून ठेवायची, अर्ध्या-पाऊण तासाने त्याच जागी गळ सोडायचा, आणि शिसे असे बांधायचे की आमिष तळावर टेकून राहील. कणकेचा घट्ट गोळाही चालतो, परंतु लहान मासे तो टोचून टोचून संपवतात. मक्याचा दाणा त्या मानाने टिकतो.

खरी अडचण पुढे आहे. कोई आमिष ओढून घेतो, तोंडात चाखतो आणि काही टणक लागताच क्षणात बाहेर फेकतो, त्यामुळे दाण्यात खुपसलेला गळ त्याला लगेच कळतो. इंग्लंडमधील गळकऱ्यांनी 1980 च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांनी आमिष गळावर न लावता गळापासून निघणाऱ्या आखूड, बारीक दोऱ्यावर ओवले आणि गळ मोकळा ठेवला. मासा आमिष ओढतो तेव्हा मोकळा गळ त्याच्यामागून आत जातो, आणि थुंकताना ओठात रुततो. इतकी साधी युक्ती सुचायला इतका काळ लागला याचे नवल वाटते. पण माशाचे तोंड पाण्याखाली काय करते हे आधी कोणी तरी नीट पाहावे लागले असणार.

गळाला लागलेला मोठा कोई सरळ झाडाच्या मुळांकडे किंवा वनस्पतींच्या जाळ्याकडे धाव घेतो. दोरी ताणून धरण्यापेक्षा काठी वाकू द्यावी, दोरी गुंडाळणाऱ्या चक्राचा अटकाव सैल ठेवावा आणि मासा दमल्यावर त्याला हातजाळीत घ्यावे. त्याच्या पाठीच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो. तो जाळीत अडकतो आणि तळहातही कापतो, म्हणून मासा ओल्या फडक्यात धरणे श्रेयस्कर. आणखी एक गोष्ट अशी, की या कुळातील माशाची कातडी फाटली म्हणजे तिच्यातून पाण्यात असे द्रव्य मिसळते की त्याचे भाईबंद सावध होऊन पांगतात. एक मासा मिळाल्यावर त्याच जागी तासभर चिकाटीने बसणाऱ्याला म्हणूनच पुष्कळदा निराश व्हावे लागते. त्यापेक्षा शंभर पावले चालून पुढचे बुडबुडे शोधावेत.

(दृश्य बदलते. रुंद, मातकट पाण्याची वाइकाटो नदी.)

कोई नदीत बेसुमार वाढला म्हणजे काय होते, आणि गळ कुठे अपुरा पडतो, हे पाहण्यासाठी न्यूझीलंडकडे जावे लागते. तेथे तो 1960 च्या दशकात गोल्डफिशच्या आयातीबरोबर चुकून आला, असे मानले जाते. आज वाइकाटोच्या खोऱ्यात 75 सेंटिमीटर लांबीचे आणि 10 किलो वजनाचे कोई सापडतात, आणि सततच्या उकरण्याने मुळांसकट उपटलेल्या वनस्पतींमुळे काठालगतचे पाणी गढूळ राहते. मादी एका वेळी लाखो अंडी घालते. ती चिकट असल्याने वनस्पतींना घट्ट बिलगतात, त्यामुळे गळाने दिवसभरात काढलेले दहा मासे या हिशेबात कुठेच उतरत नाहीत.

तेथील हौशी शिकारी धनुष्य वापरतात. बाणाला मागे दोरी बांधलेली असते आणि टोकाला उलटे काटे असतात. पाण्यात प्रकाश वाकत असल्याने मासा असतो त्याहून वर दिसतो, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरावा लागतो. पाणी जितके खोल तितका अधिक खाली. पाणी गढूळ करणाऱ्या माशाला पाहून मारण्याची ही रीत असल्याने ती उथळ कडेलाच चालते, विशेषतः अंडी घालण्याच्या काळात, जेव्हा मासे वनस्पतींत पाठ उघडी टाकून झटापट करतात. संशोधकांकडे याशिवाय विजेची नौका असते. तिच्या पुढे लोंबणाऱ्या दांड्यांतून पाण्यात मर्यादित प्रवाह सोडला की जवळचे मासे गुंगून वर येतात. कोई उचलले जातात आणि स्थानिक मासे शुद्धीवर येऊन पोहत निघून जातात. घरच्या तारेने कोणी याची नक्कल करू नये, तीत माणसे मरतात.

जाळ्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. ओढजाळे आले की कोई तळाच्या चिखलात अंग दाबून जाळ्याच्या शिसे लावलेल्या खालच्या दोरीखालून निसटतो, नाही तर वरून उडी मारतो. पण याच उडीने ऑस्ट्रेलियात त्याचा घात केला. मरे नदीवरील टोरंबरी बंधाऱ्याच्या मत्स्यमार्गात, जिथून मासे वरच्या पाण्याकडे जातात, ॲलन विल्यम्स यांच्या कल्पनेचा पिंजरा बसवला गेला. वाट अडली की कार्प उडी मारतो, तेथील स्थानिक मासे मारत नाहीत. म्हणून आडव्या भिंतीवरून उडालेला कार्प पलीकडच्या कोठीत पडतो, आणि स्थानिक माशांना वेगळी वाट मोकळी राहते. माणसाने वेगळे काढण्याचे काम मासा स्वतः करून देतो. मला या सगळ्या साधनांत हा पिंजरा सर्वांत सुंदर वाटतो.

ऑस्ट्रेलियाच्याच टास्मानिया बेटाने तर माशालाच हेर केले. क्रेसंट आणि सोरेल या सरोवरांत 1995 साली कार्प आढळल्यावर क्लाइड नदीकडे जाणाऱ्या मार्गावर जाळ्या बसवण्यात आल्या, आणि पकडलेल्या काही नरांच्या पोटात रेडिओ प्रेषक ठेवून त्यांना परत सोडण्यात आले. थंडीत आणि विणीच्या काळात हे नर आपल्या जातभाईंच्या घोळक्यात गेले की संकेतावरून घोळक्याची जागा कळे आणि तिथेच जाळे पडे. क्रेसंट सरोवर 2007 मध्ये कार्पमुक्त झाले. एका सरोवराला बारा वर्षे लागली, तर नदीचा हिशेब मांडायलाच नको.

(पुन्हा माळवा. पावसाने भरलेला नाला.)

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारीचा बंदीकाळ असतो, कारण रोहू, कटला आणि मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यात वितात. कोईला पूर लागत नाही. तो साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, आणि आपल्याकडील हवेत जानेवारी ते मार्चमध्येही घालतो, म्हणजे गळ टाकण्यास मोकळीक असते त्याच महिन्यांत. स्फोटके आणि विष यांना 1897 च्या कायद्यानेच मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा इथे माणसाच्या हाती उरतो तो उकडलेला मका, बारीक दोऱ्यावर ओवलेला. मासा वर आला की रंगाकडे न पाहता पाठीचा दातेरी काटा पाहावा आणि ओठांच्या कडेच्या मिशा मोजाव्यात. काटा दातेरी असून मिशांच्या दोन जोड्या भरल्या तर तो कोई किंवा साधा कार्प. काटा दातेरी असून मिशा मुळीच नसतील तर गोल्डफिश. दोघांपैकी कोणालाही पुन्हा पाण्यात सोडू नये.