मान खाली

(दृश्य: रात्र. मैदानात एकच हॅलोजन. त्याच्या उजेडात पावसाची भुरभुर.)

ठाणे. वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाचं हे मैदान. दिवसा इथे रिक्षा लागतात. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की दहीहंडीपर्यंत रात्री साडेनऊनंतर ही जागा गोविंदांची.

कुणी पार्सलं पोचवून आलाय, कुणी थेट लोकलमधून उतरून. बॅगा कट्ट्यावर, चपला कट्ट्याखाली. थरावर अनवाणीच चढायचं.

(दृश्य: तळवे. फडका.)

हा फडका बघून ठेवा. वर जाणाऱ्या प्रत्येकाचे तळवे आधी पुसले जातात, चिखलाचा पाय खांद्यावर टिकत नाही. पुसणाऱ्या काकांचा स्वतःचा गुडघा आता वाकत नाही. एके काळी ते वरून दुसरे असायचे.

आम्ही इथे आलो ते एक जुना वाद घेऊन. गुण अंगातच असावा लागतो, की घासून घासून येतो? क्रिकेटच्या नेटवर, गाण्याच्या क्लासला, दहावीच्या निकालाच्या दिवशी घरोघरी हा वाद होतो आणि ज्याला जे सोयीचं ते तो म्हणतो. म्हटलं, थराला विचारून बघू.

(दृश्य: पंधरा वर्षांचा मुलगा. हेल्मेट. कमरेला दोर.)

हा सगळ्यात वर जातो. वजन पस्तीस किलोच्या आसपास. चढताना बघा, पाय कुठे ठेवायचा हे तो शोधत नाही, पाय आपोआप तिथे जातो. प्रशिक्षकांना सगळे दादा म्हणतात. दादा सांगतात, “याला चढायला मी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी चढला तसाच आजही चढतो. भीती नसणं कुठून शिकवणार?”

म्हणजे गुण उपजतच, असं म्हणून आम्ही कॅमेरा आवरणार होतो.

(दृश्य: खालचा थर. फक्त पाठी.)

मग हा दिसला. निळा टी-शर्ट, मानेवर मीठ चढल्यासारखा घाम. आता वय एकवीस. सहा वर्षांपूर्वी वरचं हेल्मेट याच्या डोक्यावर होतं. पुढच्या वर्षी उंची वाढली, खाली आला. मग खांदे रुंद झाले, आणखी खाली. यंदा तळाला.

गोविंदाची चाल ही अशी उलटी. माणूस वाढतो तसा उतरतो. अंगात होतं ते हलकेपण दोन-तीन हंड्यांत संपतं, आणि मग जे करायचं ते खांद्यांनी.

(दृश्य: तळाचा थर जवळून. हात, गळे, कोपर.)

तळाला नुसतं उभं राहायचं नसतं. गोल करून एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवायचे, डोकी आत, पाय फाकवून. त्यांच्या पाठीला पाठीमागच्या रांगा छाती लावून उभ्या, गर्दीच्या लोकलच्या दारात उभं राहावं तशा. चढणारा आधी पोटरीवर पाय देतो, मग कमरेच्या गाठीवर, मग खांद्यावर. खांद्यावर पाय पडला की श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही. हे एवढं जमायला निळ्या टी-शर्टला पूर्ण एक पावसाळा लागला.

आणि वर बघायचं नाही. वर बघितलं की मान मागे जाते, मान गेली की खांदा सरकतो. दादांच्या तोंडी अख्खा सराव हे दोनच शब्द: “मान खाली!”

(दृश्य: बसलेले थर एकेक करून उठतात. शिट्टी.)

वरचे थर आधी उकिडवे बसतात. शिट्टी झाली की खालून वर, एकेक थर उठतो. इथे चित्र थोडं हललंय. त्याबद्दल माफी, आमचेही हात स्थिर नव्हते.

ठाण्याला उंच थरांची सवय जुनी. टेंभी नाक्याची हंडी आनंद दिघे यांनी सुरू केली. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ४३.७९ फुटांचे नऊ थर लावले आणि गिनेस बुकात नाव गेलं, ते याच शहरात. २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने दहा थर लावले, तेही ठाण्यातच. त्या दिवशीच्या बातम्यांमध्ये वरचा मुलगा दिसला. तळाच्या माणसांचे फोटो शोधून बघा.

(दृश्य: थर उतरतात.)

लावण्यापेक्षा उतरवणं अवघड. घाई केली तर कोसळतो. दरवर्षी गोविंदा जखमी होतात, काही जीवही गेले. २०१७ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घेऊ देणार नाही, असं सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं, २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं. आता दोर आहे, हेल्मेट आहे, विमा आहे.

उत्सवाच्या दिवसाचं चित्रण आमच्याकडे नाही. स्टेजवरचे पाहुणे आणि बक्षिसांचे आकडे तुम्ही टीव्हीवर बघितलेच असतील.

(दृश्य: सराव संपला. काका फडका पिळतायत. वडापावचा कागद.)

साडेअकरा. मुलं पांगली. निळा टी-शर्ट मात्र आमच्याजवळ येऊन उभा राहिला. “दादा, मघाचं दाखवता का? मी बघितलंच नाही.”

कॅमेऱ्याच्या त्या छोट्या पडद्यावर त्याने स्वतःच्या डोक्यावरचे सगळे थर पहिल्यांदा बघितले. वरच्या मुलाने हात उंचावला तिथे थांबवायला सांगितलं. मग मागे घ्यायला लावलं. पुन्हा बघितलं.

आणि म्हणाला, “चौथ्या थरावरच्याचा डावा पाय बाहेर पडतोय. उद्या सांगतो त्याला.”

(दृश्य: तो चपला शोधतोय. हॅलोजन विझतो.)