'विल' म्हणजे नुसतं 'उद्या' नाही

दारावरची बेल वाजली. तुम्ही पटकन काय म्हणता? 'थांब, मी उघडतो.' आता हेच इंग्रजीत म्हणून बघा. खूप जणांच्या तोंडून येतं, 'आय ओपन द डोअर.' चूक आहे, पण तिचं कारण समजून घ्या. मराठीत 'उघडतो' हे रूप वर्तमानकाळाचं. त्या क्षणी घेतलेला निर्णय आपण त्यातच सांगतो. इंग्रजीला तिथे 'विल' लागतं: 'आय विल ओपन इट.'

आता उलटं बघू. दार ढकलताय आणि ते उघडत नाहीये. इंग्रजीत म्हणतात, 'द डोअर वोंट ओपन.' 'वोंट' म्हणजे 'विल नॉट', पण इथे उद्याचा काही संबंधच नाही. दार आत्ता ऐकत नाहीये!

हे असं का? मला ही गोष्ट फार आवडते. जुन्या इंग्रजीत 'विल'चं मूळ क्रियापद होतं 'विल्लान', म्हणजे हवं असणं, इच्छा असणं. मृत्युपत्राला 'विल' म्हणतात तो शब्दही त्याच मुळातला. आणि 'शॅल'चा मूळ अर्थ देणं लागणं, म्हणून करारात 'शॅल' आलं की ते बंधन असतं. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचं रूप आहे, 'गो'चं 'वेन्ट' होतं. भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. म्हणून तर अनेक व्याकरणकार म्हणतात की इंग्रजीत भविष्यकाळ नाहीच.

फोन वाजला. 'आईचा असेल.' इंग्रजीत? 'दॅट विल बी मदर.' फोन आत्ता वाजतोय, तरी आपण 'असेल' म्हणतो, तेही 'विल' म्हणतात. अंदाज आहे हा. इथे दोन्ही भाषा अगदी एका वाटेने चालतात.

'गोइंग टू'ने गोंधळ होत असेल, तर आपलं 'णार आहे' आठवा. 'मी तिच्याशी बोलेन' आणि 'मी तिच्याशी बोलणार आहे', फरक कानाला कळतो ना? दुसऱ्यात आधीच ठरलंय. तिथे 'आय एम गोइंग टू टॉक टू हर.' काळे ढग दाटलेत, 'पाऊस पडणार आहे': 'इट्स गोइंग टू रेन.' पुरावा समोर आहे. आणि वेळ, जागा सगळं पक्कं झालं असेल तर 'उद्या भेटतोय' तसं 'आय एम मीटिंग हर टुमॉरो'. वेळापत्रक तर सोपं, 'गाडी सहाला सुटते', 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स'.

आता 'इफ'. 'पाऊस पडेल तर' असं मनात धरून 'इफ इट विल रेन' म्हणू नका, 'इफ इट रेन्स' म्हणा. पण 'इफ यू विल वेट हिअर' बरोबर आहे! तुमची थांबायची तयारी असेल तर, असा त्याचा अर्थ. पावसाला कसली तयारी? माणसाला असते, आणि तिथे 'विल्लान' अजून जिवंत आहे.