लोहाराचा हात आणि डॉक्टरांची फीत

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथलं कॉलेज १८२१ सालचं. गरीब, धार्मिक वृत्तीच्या मुलांना शिकवून धर्मोपदेशक करावं, म्हणून ते काढलेलं. तेव्हा तिथला दिवस कसा असेल, बघा. पहाटे घंटा झाली की थंडीत कुडकुडत प्रार्थनेला जायचं. मग लॅटिन, ग्रीक, गणित; तेही बरंचसं पाठ करून प्राध्यापकांपुढे म्हणून दाखवायचं. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. आपल्याकडच्या जुन्या वेदपाठशाळेतला विद्यार्थी तिथे फारसा बिचकला नसता, थंडीला सोडून!

अशा मुलांनी १ जुलै १८५९ रोजी त्याच राज्यातल्या विल्यम्स कॉलेजला बेसबॉलचं आव्हान देऊन पिट्सफिल्ड गावात सामना खेळला. अमेरिकेत दोन कॉलेजांमधला बेसबॉलचा हा पहिला सामना. आजचा बेसबॉल मात्र डोळ्यांसमोर आणू नका. एकेका बाजूला तेरा गडी, दोन्ही संघांचे चेंडू आपापले वेगळे, आणि पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. म्हणजे आपली आबाधुबीच की! ॲमहर्स्टनं ७३ विरुद्ध ३२ असा धुव्वा उडवला. मग कुजबुज सुरू झाली, की ॲमहर्स्टचा चेंडू फेकणारा विद्यार्थी नाहीच, पैसे देऊन आणलेला गावचा लोहार आहे. त्यावर बघ्यांपैकी कुणीतरी म्हणालं म्हणे, खरंच असणार. लोहाराशिवाय साडेतीन तास असा चेंडू कोण फेकणार? बाहेरचा गडी घुसवल्याची तक्रार पहिल्याच सामन्यापासूनची आहे, हे ऐकून मला तर बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी याच दोन कॉलेजांत बुद्धिबळाचा डाव झाला. तोही ॲमहर्स्टनंच जिंकला. तिथे लोहाराचा संशय कुणी घेतला नसावा.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. सामना खेळतात मूठभर मुलं. बाकीच्यांचं काय? कॉलेजचे अध्यक्ष स्टर्न्स यांना हीच काळजी होती. मुलांची तब्येत ढासळते, विशेषतः वसंत ऋतूत, असं ते विश्वस्तांना सांगत होते. शेवटी व्यायामशाळा बांधली गेली आणि १८६१ मध्ये एडवर्ड हिचकॉक नावाच्या डॉक्टरांना आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक नेमलं. त्यांचे वडीलही एडवर्ड हिचकॉकच, याच कॉलेजचे माजी अध्यक्ष. दगडांवर उमटलेले प्राचीन प्राण्यांच्या पावलांचे ठसे गोळा करणारा भूशास्त्रज्ञ! वडिलांनी पावलं मोजली, मुलानं छात्या मोजल्या.

हो, खरोखरच मोजल्या. उंची, वजन, छातीचा घेर, दंड, फुप्फुसात हवा किती मावते, सगळ्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. व्यायाम सगळ्यांना सक्तीचा. आठवड्यातून चार दिवस, अर्धा अर्धा तास. आपल्या तालमीतल्या पैलवानाला हसू येईल असे हलके लाकडी डंबेल हातात, आणि पियानोच्या ठेक्यावर सगळा वर्ग एकदम हात हलवतोय! पण मला यातलं शहाणपण हलकेपणातच दिसतं. जड वजन उचलणारा पोरगा आपला आपण उचलतोच. खांदे पाडून ग्रीक घोकणाऱ्या किडकिडीत पोराला एरवी कोण विचारणार होतं?

पुढे फुटबॉल आला. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांचे पंचवीस-पंचवीस गडी एकमेकांना भिडले आणि रटगर्सनं ६–४ अशी बाजी मारली. पाहता पाहता कॉलेजांच्या नावानं गर्दी जमू लागली, वर्तमानपत्रांत रकाने भरू लागले. डॉक्टर हिचकॉक मात्र ॲमहर्स्टलाच राहिले, १९११ मध्ये वारले तोवर, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं. तोपर्यंत त्यांच्यापुढे छाती फुगवून उभ्या राहणाऱ्या कित्येक पोरांच्या बापांचीही मापं त्यांच्या जुन्या वह्यांत असणारच.