फळकुटांतून घडणारं फर्निचर

श्रोतेहो, नमस्कार.

सुतारकाम आटोपलं की मागे फळकुटं उरतात. हातभर लांब, तीन-चार बोटं रुंद. एखादं सागवानाचं, एखादं शिसवीचं, एखादं ओकचं. बहुतेक वेळा ती जळणात जातात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तुकडा लहान असला तरी लाकूड तेच असतं, ज्याच्या मोठ्या फळ्यांसाठी आपण एवढे पैसे मोजतो.

लहान तुकड्यांचा एक मोठा गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. अखंड रुंद फळी ऐटदार दिसते खरी, पण हवा बदलली की तिला बाक येतो. तेवढ्याच रुंदीची फळी अरुंद पट्ट्या जोडून केली, तर एकेका पट्टीचा बाक अगदी किरकोळ राहतो. त्यात शेजारच्या पट्ट्या उलटसुलट लावल्या, तर एकीचा कल दुसरी सावरून घेते. म्हणजे जोडफळी ही काही नाइलाजाची तडजोड नव्हे.

आधी चित्र काढून मग लाकूड शोधायची आपल्याला सवय असते. उरलेल्या तुकड्यांच्या बाबतीत हे उलट करावं. सगळे तुकडे जमिनीवर मांडा आणि काय होऊ शकतं ते बघा. समजा, स्टूल करायचंय. बसायच्या स्टुलाची उंची साधारण ४५ सेंटिमीटर. तेव्हा ज्यांच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या आहेत, असे लांब तुकडे पायांसाठी बाजूला काढा. वळणदार रेषांचा, गाठीचा देखणा तुकडा पायाला लावायचा मोह होतो; तो टाळा. रेषा जिथे तिरकी बाहेर पडते, तिथेच पाय मोडतो. असे देखणे तुकडे बैठकीत घाला. तिथे ते दिसतातही, आणि त्यांच्यावर ताणही कमी येतो. रंग जुळले नाहीत तर बिघडत नाही. गडद-फिकं लाकूड शेजारी शेजारी सुंदर दिसतं, त्यावर एकसारखा रंग मारून ते झाकू नये असं माझं ठाम मत आहे.

तुकडे आखूड असतील तर विटा रचतात तसे सांधे पुढेमागे ठेवा. दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना नुसती चिकटवून कधीच भागत नाही. टोकाकडचं लाकूड डिंक शोषून घेतं आणि जोड कच्चा राहतो. खरी ताकद असते ती लांब बाजू लांब बाजूला चिकटवण्यात. पाय आणि आडव्या पट्ट्या जोडताना एका तुकड्याच्या टोकाला कुसू, म्हणजे पुढे आलेली बारीक जीभ, काढायचं, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पटाशीनं कोरायची. कुसू हाताच्या दाबानं आत गेलं पाहिजे. हातोडीनं ठोकावं लागलं तर ते जाड आहे, आपोआप निसटलं तर सैल. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून जोडायच्या बाजू ताज्या रंधून लगेच डिंक लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, म्हणजे फुगत-आकसत नाही. हलतं ते रुंदीत. बैठक ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि कोरड्या-दमट ऋतूंमध्ये लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला असं धरू. सागवान असेल तर एक ते दोन मिलिमीटरचा फरक पडतो, ओक असेल तर चार मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. बैठक खालच्या आडव्या पट्ट्यांच्या चौकटीला चारही बाजूंनी चिकटवून टाकली, तर एक तर ती तडकते, नाहीतर चौकटीचा सांधा उघडतो. म्हणून बैठक खालून स्क्रूनं धरायची, आणि चौकटीतलं स्क्रूचं भोक हलण्याच्या दिशेनं लांबट ठेवायचं. एवढ्या साध्या गोष्टीनं स्टूल वर्षानुवर्षं टिकतं.

अर्थात, लाकूड आधी वाळलेलं हवं. वाळलंय का हे बघायला यंत्र नसलं तरी चालेल. तुकडा वजनकाट्यावर ठेवा, वजन त्याच्यावरच पेन्सिलीनं लिहा, आठवड्यानं पुन्हा बघा. वजन उतरायचं थांबलं की तो तुकडा कामाला घ्या. कापण्याआधी त्यावरून लोहचुंबकही फिरवा. आत मोडलेला खिळा असेल तर करवतीचे दात जातात.

घासताना मात्र मास्क हवाच. लाकडाची धूळ निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये गणली गेली आहे, आणि कठीण लाकडाच्या बारीक धुळीचा नाकाला होणारा धोका सगळ्यात जास्त.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. प्रत्येक हात मुरला की वर राहिलेलं तेल कोरड्या कापडानं पुसून घ्या, नाहीतर चिकट थर बसतो. या चिंध्यांचा बोळा करून त्या कधीही टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, ती बोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. प्रत्येक चिंधी वेगळी पसरून घराबाहेर वाळवा, किंवा पाण्यात पूर्ण भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

नमस्कार.