जॉर्ज सांचेझ : मोजपट्टीच तपासणारा माणूस

[दृश्य: डोंगरउतारावरचं गाव, ड्रोनमधून]

हे अ‍ॅरिझोनातलं जेरोम. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर, क्लिओपात्रा हिलच्या उतारावर घरं अशी उभी आहेत की एकाच्या अंगणातून दुसऱ्याचं छप्पर दिसावं. खालचा अख्खा डोंगर तांब्यासाठी पोखरलेला. खाणीतल्या सुरुंगांनी इथली जमीन इतकी हलली की गावातला जुना तुरुंग आपल्या जागेवरून घसरत उताराखाली आला. तो पाहा, अजून तिथंच आहे.

या गावात टेलेस्फोर सांचेझ खाणीत कामाला होते. त्यांचा मुलगा जॉर्ज, पुढं बुद्धीच्या चाचण्यांनाच प्रश्न विचारणारा शिक्षणतज्ज्ञ, १९०६ साली न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला जन्मला. पण वाढला तो या धुळीत. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. सांचेझ कुटुंब काही सीमा ओलांडून कामधंद्यासाठी आलेलं नव्हतं. त्यांचे पूर्वज न्यू मेक्सिकोत कित्येक पिढ्या राहत होते. १८४८ च्या तहानं तो मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला आणि राहत्या घरात ही माणसं परकी ठरली.

[दृश्य: अल्बुकर्कीच्या पूर्वेचा डोंगर, मातीचा रस्ता, झुडपं]

पुढं खाणीचं काम मंदावलं, कुटुंब अल्बुकर्कीला परतलं. १९२३ मध्ये जॉर्ज हायस्कूल पास झाले आणि लगेच या डोंगरापलीकडच्या इरिसारी गावात मास्तर म्हणून रुजू झाले. वय वर्षं सोळा. गाव गुराढोरांचं, मुलं सगळी स्पॅनिश बोलणारी, पुस्तकं सगळी इंग्रजी. शाळा सांभाळून, सुट्ट्यांमध्ये शिकत शिकत १९३० साली त्यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठाची पदवी मिळवली. मुलं वर्गात का अडखळतात हे त्यांना कुणा प्राध्यापकाकडून समजून घ्यावं लागलं नाही. ती मुलं रोज त्यांच्यासमोर बसत होती.

[दृश्य: टेबलावर जुनी छापील चाचणी, पानं उलटणारा हात]

आता ही पानं नीट पाहा. ही १९१६ सालची स्टॅनफर्ड-बिने चाचणी, स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी तयार केलेली. परीक्षक मुलासमोर बसतो आणि एकेक प्रश्न विचारतो. उत्तरांवरून मुलाचं ‘मानसिक वय’ ठरतं. त्या वयाला खऱ्या वयानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं, की आला बुद्ध्यंक. आठ वर्षांच्या मुलानं सहा वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरं दिली तर बुद्ध्यंक पंच्याहत्तर. मग तो आकडा मुलाच्या नावापुढं लागतो, आणि पुढची सगळी शाळा त्या आकड्याच्या मागून चालते.

हा शब्दांचा भाग. मुलानं शब्दाचा अर्थ सांगायचा. ऑरेंज. बॉनफायर. गाउन. पडल. एन्व्हलप. इरिसारीच्या मुलानं पावसाळ्यात साचलेलं डबकं शंभर वेळा पाहिलेलं असतं, त्यात अनवाणी पाय घालून चिखल उडवलेला असतो. त्याच डबक्याचा इंग्रजी शब्द ‘पडल’ विचारा, तो गप्प बसेल. परीक्षक शून्य लिहील.

हे शून्य कशाचं? टर्मन यांनी त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. अमेरिकेच्या नैऋत्येतल्या मेक्सिकन आणि इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी) कुटुंबांत मंदबुद्धी सर्रास आढळते, ती बहुधा वंशातच आहे, या मुलांना वेगळ्या वर्गांत बसवावं, असं त्यांच्या पुस्तकात छापलेलं आहे. शाळांना आयता आधार मिळाला. मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळा, वेगळ्या इमारती, वेगळे वर्ग. आणि कुणी विचारलंच तर पुढं करायला शास्त्राचा कागद.

सांचेझ यांनी हाच कागद हातात घेतला. १९३१ साली टेक्सास विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. प्रबंधाचा विषय अगदी साधा होता: स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या बुद्धीच्या त्याच त्या चाचण्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि मधल्या काळात त्यांना इंग्रजी नीट शिकवायचं. मुलं तीच होती, प्रश्न तेच होते. दर खेपेला गुण वर चढत गेले.

बुद्धी जन्मानं ठरते, आयुष्यभर तेवढीच राहते, असा या चाचणीवाल्यांचा दावा होता. मग एकाच मुलाची बुद्धी थोड्या काळात वाढली कशी?

सांचेझ तिथं थांबले नाहीत. बिने चाचणीतले शब्द त्यांनी एकेक करून ताडून पाहिले: या मुलांना शाळेत जे शब्द शिकवायचे म्हणून नेमलेले आहेत, त्यांत हे येतात का? कितीतरी शब्द आलेच नाहीत. म्हणजे शाळेनं जे शिकवलंच नव्हतं, त्यावरून मुलाला मंद ठरवलं जात होतं. १९३४ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठातून, बर्कलीहून डॉक्टरेट मिळवली त्याच वर्षी, त्यांनी द्वैभाषिकता आणि बुद्धिमापन या विषयावरचा लेख ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’त प्रसिद्ध केला. चाचणी कुठलीही घ्या, पण ज्या अनुभवांवर ती बेतली आहे ते अनुभव मुलाला मिळाले का ते आधी बघा. मिळाले नसतील तर ते देणं हे शाळेचं काम आहे. हा त्यांचा आग्रह होता. मुलाकडं दाखवलेलं बोट त्यांनी शाळेकडं वळवलं. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामाचं मूळ या एका लेखात आहे.

मराठी प्रेक्षकांसाठी इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. याच दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत हीच चाचणी हातात घेऊन बसले होते. इंग्रजी प्रश्न आपल्या मुलांपुढं तसेच ठेवून चालणार नाही म्हणून त्यांनी ती कानडीत आणि मराठीत नव्यानं बसवली. अडचण दोघांनाही एकच दिसली.

[दृश्य: न्यू मेक्सिकोतली वाळलेली शेतं, मातीच्या भिंती]

१९४० मध्ये सांचेझ यांचं ‘फरगॉटन पीपल’ आलं. टाओस परगण्यातल्या स्पॅनिश भाषक माणसांच्या जमिनी, कर्ज, आजारपण, शाळा, सगळं त्यात आहे. त्याच वर्षी ते ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथंच राहिले.

[दृश्य: टेबलावर मक्याचे दाणे, काड्या आणि एक शिंपला]

हे दाणे, काड्या पाहून नवल वाटलं असेल. १९६१ साली सांचेझ यांनी माया लोकांच्या अंकगणितावर एक छोटं पुस्तक स्वतःच छापून काढलं. दाणा म्हणजे एक, काडी म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. आठ मांडू: एक काडी, तीन दाणे. खाली सात: एक काडी, दोन दाणे. आता सगळं एकत्र ओढा. दोन काड्या, पाच दाणे. पाच दाणे उचलायचे, त्यांच्या जागी एक काडी ठेवायची. तीन काड्या, पंधरा. वीस झाले की दाणा एक मजला वर चढतो आणि खाली शिंपला राहतो. या मांडणीनं गुणाकार-भागाकारही कसे करता येतील, हे सांचेझ यांनी दाखवलं. युरोपचं जहाज यायच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी शून्य वापरलं होतं. मुलांच्या बुद्धीबद्दल इतकी वर्षं भांडलेल्या माणसाला हे पुस्तक लिहावंसं वाटणं साहजिक होतं.

[दृश्य: ऑस्टिन, शिक्षण विभागाची इमारत, नावाची पाटी]

सांचेझ यांची न्यायालयातली लढाईही मोठी आहे. १९४१-४२ मध्ये मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘लुलाक’ या संघटनेचे ते अध्यक्ष होते. टेक्सासमधल्या शाळांविरुद्धच्या १९४८ च्या डेलगाडो खटल्याची आखणी, पैसा, तज्ज्ञ यांमागं ते होते. मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळं बसवणं घटनाबाह्य ठरलं, फक्त इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी पहिलीच्या वर्गाची पळवाट उरली. काही शाळांनी त्या पळवाटेनं मुलांना पहिलीतच तीन-तीन वर्षं अडकवलं. १९५७ मध्ये ड्रिस्कॉल गावच्या खटल्यात तेही बंद झालं. कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या एका खटल्यातल्या नऊ मुलांची चाचणी स्पॅनिशमधून पुन्हा घेतली, तेव्हा ‘मतिमंद’ ठरवलेली त्यातली बहुतेक मुलं तशी नव्हतीच. १९७२ च्या एप्रिलमध्ये सांचेझ गेले. १९७५ च्या केंद्रीय कायद्यानं अशी चाचणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत घेणं बंधनकारक केलं. या इमारतीला त्यांचं नाव १९९५ साली मिळालं.