फिनिशियनांचं मूळ : नावावर जाऊ नका

फिनिशियन म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी. त्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ऋग्वेदातले पणी म्हणजेच हे प्युनिक (फिनिशियनांना, विशेषतः पश्चिमेकडच्या, रोमन असं म्हणत) का? तेही व्यापारी, हेही व्यापारी, नावंही जुळतात. आधी तेवढं मिटवून टाकू. ‘प्युनिक’ हा शब्द लॅटिनमधला, आणि रोमनांनी तो ग्रीकांच्या ‘फॉइनिकेस’वरून उचलला. ग्रीकमध्ये ‘फॉइनिक्स’ म्हणजे तांबूस-जांभळा रंग. या लोकांचं शंखांपासून काढलेल्या रंगाचं कापड प्रसिद्ध होतं. थोडक्यात, हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. ते स्वतः गाव सांगत, आपण आडनावाला ‘कर’ लावतो तसं. लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या सिदोन आणि बिब्लोस या शहरांवरून कोणी सिदोनकर, कोणी बिब्लोसकर. त्याहून मोठी ओळख सांगायची झाली तर कनानी, म्हणजे कनान या त्या सगळ्या प्रदेशाचे. उत्तर आफ्रिकेतले खेडूत स्वतःला ‘खनानी’ म्हणवतात, असं तिथल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपने लिहून ठेवलंय, तेही कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं फिनिशियनांनी वसवलेलं शहर) पडल्यानंतर पाच शतकांहून अधिक काळाने. जे नाव त्यांचं नव्हतंच, त्याच्या उच्चारावरून त्यांचं कूळ काय शोधणार?

हीच गफलत ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या वाचकांनीही केली. फिनिशियन एरिथ्रियन समुद्राकडून आले, असं तो म्हणतो, आणि त्या समुद्रात तेव्हा इराणचं आखातही धरत. पुढे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने आखातातल्या टायरोस आणि अराडोस बेटांचा उल्लेख केला, आणि लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर आणि अरवादशी त्यांची जोडी लागली. पण टायरचं मूळ नाव ‘सोर’, म्हणजे खडक. आजही त्या शहराला सूर म्हणतात. टायरोस म्हणजे आजचं बहरीन; त्याचं ग्रीक नाव ‘टायलोस’ निघालं ते ‘तिल्मुन’ या जुन्या नावावरून. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

जमिनीतला पुरावा वेगळं सांगतो. बिब्लोसला नवाश्मयुगापासून वस्ती आहे. इ.स.पू. १४व्या शतकात तिथला राजा रिब-हद्दा इजिप्तच्या फारोला पत्रांवर पत्रं पाठवत होता. साठेक तरी हाती लागली आहेत. भाषा अक्कादी, म्हणजे मेसोपोटेमियाची, पण क्रियापदं कनानी वळणाची. मराठी माणूस हिंदी बोलताना जे होतं, तेच.

आता हाडांकडे वळू. उष्ण, दमट किनाऱ्यावर डीएनए फार टिकत नाही. म्हणून आतल्या कानाभोवतीचं हाड निवडतात, कारण शरीरातलं सर्वांत घट्ट हाड ते. त्याची काही मिलिग्रॅम पूड पुरते. मिळणारे तुकडे आखूड, बहुतेक शंभर अक्षरांच्या आतले (डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत वाचतात). जुन्या तुकड्यांच्या टोकांना ‘सी’ अक्षर झिजून ‘टी’ असं वाचलं जातं. ही झीज दिसलीच नाही, तर तो डीएनए उत्खनन करणाऱ्याच्या हाताचा असण्याची दाट शक्यता. पुरुषाच्या सांगाड्यात आणखी एक सोय असते. त्याला एक्स गुणसूत्र एकच. तिथे एकाच जागी दोन पाठ मिळाले तर भेसळ झाली म्हणायचं.

२०१७ साली सिदोनमधल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या पाच सांगाड्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वजांचा साधारण अर्धा वाटा स्थानिक नवाश्मयुगीन शेतकऱ्यांचा, उरलेला ताम्रपाषाणयुगीन इराणशी नातं सांगणारा. आजच्या लेबनीज लोकांचा नव्वद टक्क्यांहून अधिक वारसा या कनानी मंडळींशी जुळतो. म्हणजे मायभूमीतलं मूळ बरंचसं स्थानिकच.

खरा धक्का पश्चिमेकडून बसला. कार्थेजच्या बिर्सा टेकडीवर इ.स.पू. ६व्या शतकातल्या एका तरुणाची कबर १९९४ मध्ये सापडली. २०१६ मध्ये त्याच्या मातृवंशाचा निकाल आला : यू५बी२सी१, युरोपातल्या जुन्या शिकारी टोळ्यांशी जोडला जाणारा. अर्थात हा एकच माणूस आणि तोही फक्त आईकडून. त्यावर इमला रचणं घाईचं झालं असतं. पण २०२५ मध्ये २१० जणांची जनुकीय माहिती आली. त्यांत प्युनिक वसाहतींमधल्या लोकांत लेव्हंटचा, म्हणजे लेबनॉनच्या आसपासच्या मायभूमीचा, वारसा जवळपास नाहीच. मुख्य वाटा सिसिली आणि एजियन भागातल्या लोकांसारखा, त्यात उत्तर आफ्रिकेची भर. चुलत-मावसभावंडांच्या मुलांमध्ये असतं साधारण तेवढं दूरचं नातं असलेली एक जोडीही सापडली : एक आफ्रिकेत पुरलेलं, दुसरं सिसिलीत. देव, लिपी, भाषा सूर-सिदोनची. रक्त वाटेतल्या बंदरांचं.

इथे एक खोच ध्यानात ठेवायला हवी. सुरुवातीच्या फिनिशियन वसाहतींमध्ये प्रेतं जाळण्याची चाल होती, आणि जळलेल्या हाडात डीएनए सहसा उरत नाही. पुरण्याची पद्धत रुळली ती इ.स.पू. ६व्या शतकापासून. त्यामुळे ‘लेव्हंटचा वारसा नाही’ हा निकाल त्या शतकापासूनच्या लोकांचा. परंपरेने कार्थेजची स्थापना इ.स.पू. ८१४ची मानतात, तेव्हा गलबतातून उतरलेल्या पहिल्या पिढीची फक्त राखेची मडकी आपल्या हातात आहेत.