काळ्या दगडावरची रेघ

[दृश्य : सोलापूरचा सराफ बाजार. सकाळ. एका जुन्या पेढीचं दार उघडतं.]

अंगठी हातात आली की जुना सराफ लगेच तराजूकडे वळत नाही. खणातून आधी तो एक काळा, गुळगुळीत दगड काढतो आणि त्यावर अंगठी हलकेच घासतो. पिवळी रेघ उमटते. त्या रेघेकडे बघूनच तो सोनं किती कसाचं आहे ते सांगतो. हीच ती कसोटी. आता दुकानादुकानांत मशीन आलंय, पण या पेढीवर अजून दगडावर भरवसा आहे.

काळ्या दगडावर सोन्याची अशीच एक रेघ निसर्गानंही ओढली आहे. ती बघायची तर सोलापूरहून दक्षिणेला, रायचूर जिल्ह्यात जावं लागतं. लिंगसुगूर तालुक्यातल्या त्या गावाचं नाव हट्टी. मराठी कानाला ते विचित्र वाटतं. पण सोलापुरात कन्नड घराघरांत कानावर पडतं, त्यामुळे इथल्या अनेकांना ठाऊक असतं की तिकडे हट्टी म्हणजे वस्ती, वाडी. या वाडीखाली भारतातली सगळ्यात महत्त्वाची चालू सोन्याची खाण आहे.

[दृश्य : सोलापूर स्टेशन. गाडी हलते. खिडकीतून काळं रान.]

मुंबईहून येणारी आणि मद्रासहून येणारी अशा दोन रेल्वे १८७१ साली रायचूरला एकमेकींना मिळाल्या. आपली गाडी त्याच मार्गानं चालली आहे. या प्रवासात खिडकीबाहेर बघत राहा. पुस्तक न उघडता भूगर्भशास्त्राचा एक धडा वाचून होतो.

अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड. इथवर सगळं आपल्या ओळखीचं : काळी माती, काळा दगड, तुरीची रानं. हा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. कलबुर्गी मागे पडली की हा थर संपतो आणि शहाबाद येतं. सोलापुरात आपण ज्या फरशीवर रांगलो, जेवलो, उन्हाळ्यात गार वाटते म्हणून उघड्या पाठीनं लोळलो, ती शहाबादी फरशी इथली. एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला हा चुनखडक डायनासोरांच्याही कितीतरी आधीचा आहे. पुढे यादगीरच्या आसपास, रायचूरच्या वाटेवर ग्रॅनाइटचे गोलमटोल धोंडे आणि टेकड्या सुरू होतात. हे ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचं. घरातून निघताना साडेसहा कोटी, उतरताना अडीचशे कोटी!

हा जुना दगड आपल्याकडे नाही, असं मात्र समजू नका. तो आपल्या खाली गाडला गेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापूर-लातूर-धाराशिवचा कुठलाही माणूस विसरलेला नाही. त्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल भोक पाडलं. ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाचा जेमतेम आठ मीटरचा थर, आणि मग तोच प्राचीन, ग्रॅनाइटच्या कुळातला खडक. दक्षिणेत जो उघड्यावर पडलाय, तो इथे लाव्ह्याचं घोंगडं पांघरून झोपलाय.

[दृश्य : हट्टी. खाणीचा मनोरा. गडद खडकातली पांढरी शीर, जवळून.]

मग हट्टीलाच सोनं का?

मला तरी या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. हट्टीचा खडकही मुळात बेसाल्टच! समुद्राखाली उसळलेला लाव्हा. त्यात उशांसारखे गोल आकार आजही ओळखू येतात. लाव्हा पाण्यात थिजला की असे आकार होतात. हा लाव्हा आपल्यापेक्षा चाळीसएक पटींनी जुना आहे. तेवढ्या काळात तो खोल गेला, दाबला गेला, भाजला गेला, आणि अँफिबोलाइट नावाचा गडद, हिरवट काळा, चिवट दगड झाला. ग्रॅनाइटच्या पसाऱ्यात असे गडद खडकांचे पट्टे दक्षिणेत जागोजागी आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात त्यांना धारवाड हे नाव दिलं. हट्टीपासून मस्कीकडे गेलेला पट्टा त्यांतलाच एक. नकाशावर तो आकड्यासारखा वळलेला दिसतो.

सोनं तसं प्रत्येक दगडात असतं. सोलापूरच्या बेसाल्टमध्येही आहे, पण एका टनात काही मिलिग्राम. एका तोळ्यासाठी हजारो टन दगड कुटावा लागेल. हट्टीत एका टनाला साधारण तीन-चार ग्राम मिळतं. तोळा म्हणजे ११.६६ ग्राम. म्हणजे तिथे तीन-चार टनांत एक तोळा. हजारपटीनं हे सोनं एका जागी कुणी आणलं?

पाण्यानं. खूप खोलवर, शेकडो अंश तापलेलं, प्रचंड दाबाखालचं पाणी. त्यात गंधक होतं, आणि गंधकाच्या सोबतीनं सोनं पाण्यात विरघळतं. पट्टा दोन्ही बाजूंनी रेटला जात होता, खडक एकमेकांवर घासत होते. त्या घासणीत मध्येच एखादी भेग फाटायची, धरणी हादरायची, भेगेतला दाब क्षणात उतरायचा. त्या भेगांतून हे पाणी वर घुसलं. दाब उतरला की पाण्यातली गारगोटी पांढरी होऊन भेगेत बसायची. बाजूच्या काळ्या दगडात लोह भरपूर. ते पाण्यातलं गंधक ओढून घ्यायचं आणि चकाकतं माक्षिक तयार व्हायचं. गंधकाचा हात सुटला की सोन्याला पाण्यात राहता येत नाही. ते तिथेच, कणाकणानं, गारगोटीत आणि तिच्या काठावर उतरायचं. भेग भरायची, पुन्हा फाटायची, पुन्हा भरायची. म्हणून हट्टीची शीर पट्ट्यापट्ट्यांची दिसते, जरीच्या काठासारखी. अशा शिरा तिथे एकीशेजारी एक, जवळजवळ उभ्या, खोल उतरत गेल्या आहेत.

पण त्या दिसतात कशामुळे? वरचा किलोमीटरच्या किलोमीटर खडक झिजून गेला म्हणून. आपला बेसाल्ट त्या मानानं कोवळा. तो अशा खोलीत कधी गेलाच नाही, रेटला गेला नाही, भाजला गेला नाही.

[दृश्य : खडकावरचे वाटीसारखे खळगे. त्यात साचलेलं पावसाचं पाणी.]

आता माणसं.

विसाव्या शतकातले खाणकामगार हट्टीत उतरले, तेव्हा ठिकठिकाणी त्यांना आधीच पोखरलेली पोकळी लागली. आत कोळसा, राख, आधाराला लावलेली लाकडं. त्या लाकडांचं वय कार्बन पद्धतीनं काढलं, ते सुमारे दोन हजार वर्षं भरलं. आणि खोली ६४० फूट! आपल्याकडे साठ फुटांची विहीर चांगली खोल म्हणायची. तशा दहा विहिरी एकीखाली एक. पाणी उपसायला इंजिन नाही, खडक फोडायला सुरुंग नाही.

त्यांचं हत्यार आग. शिरेच्या तोंडाशी लाकडं रचून पेटवायची. दगड लाल तापला की त्यावर पाणी मारायचं. तापल्या काचेवर पाणी पडावं तसा तो तडकतो. मग छिन्नी, पाचर. पण ही आग उघड्या माळावर लावलेली नाही. ती शेकडो फूट खाली, अरुंद कपारीत लावलेली. धूर जाणार कुठे? खाली वाकून थांबलेला माणूस श्वास कसा घेत असेल? या जागेशी मी नेहमी थबकतो. सोन्याबद्दल आपण खूप बोलतो, त्या धुराबद्दल कुणी बोलत नाही.

वर आणलेला दगड कुटायचा, खडकातल्या उखळात वरवंट्यानं दळायचा, पाण्यात धुवायचा. त्या वरवंट्यांनी पडलेले खळगे त्या मुलखात अजून आहेत. दळणारे हात बहुधा बायकांचे असावेत, असं मला वाटतं. पुरावा काही नाही. पण आपल्याकडे दळण कोण दळत आलंय?

[दृश्य : मस्की. ब्राह्मी अक्षरं कोरलेला धोंडा.]

हट्टीहून जवळच मस्की. १९१५ साली बीडन नावाचा सोन्याच्या खाणीतला इंग्रज इंजिनिअर या भागात हिंडत होता. त्याला सापडला सम्राट अशोकाचा शिलालेख. तोवर मिळालेल्या लेखांत राजा स्वतःला ‘देवांचा प्रिय’, ‘प्रियदर्शी’ म्हणवून घेत होता. मस्कीच्या दगडावर मात्र अशोक हे नाव कोरलेलं होतं. कर्नाटकातल्याच ब्रह्मगिरीच्या लेखात अशोकाच्या दक्षिणेतल्या राजपुत्राचं ठाणं सुवर्णगिरी असं लिहिलंय. ते ठाणं याच टापूत असावं, असं काही अभ्यासक मानतात.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. हा मुलूख निजामाचा. १९०२ ते १९१८ इंग्रज कंपनीनं खाण चालवली आणि पैशाअभावी सोडली. निजाम सरकारनं पुन्हा शोध घेतला, १९४७ साली नवी कंपनी उभी राहिली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत रायचूर म्हैसूर राज्यात गेलं, आणि खाणही.

तिकडे कोलार, एकोणिसाव्या शतकापासून आठशे टनांहून जास्त सोनं देणारं, तीन किलोमीटरहून खोल गेलेलं, २००१ साली बंद पडलं. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. १८७७ ची जुनी गिरणी १९६३ साली बंद झाली, तेव्हा इथलाही भोंगा थांबला होता. भोंग्यावर उठणारं गाव भोंगा थांबल्यावर कसं होतं, ते आपण पाहिलंय. हट्टीत पाळ्या अजून लागतात. माणसं अजून पिंजऱ्यात बसून खाली उतरतात.

[दृश्य : पुन्हा सराफ बाजार. भल्या पहाटे. बंद दुकानांसमोरची गल्ली.]

खाणीत आता दगड गिरणीत पिठासारखा दळतात आणि सायनाइडच्या द्रावणानं त्यातून सोनं काढतात. पण धुण्याची ती जुनी विद्या मेलेली नाही. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, गोळा करून, पाटीत घोळवून सोन्याचे कण वेगळे काढणारा माणूस म्हणजे आपला झारेकरी. हातानं पाटी हलवायची. हलकी माती काठावरून जाऊ द्यायची. जड ते तळाशी राहतं.

तो बघा, आला. पाटीत पाणी घेतलंय. आता बोलत नाही. त्याचे हात बघू.